अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र

आमच्या मंडळीत कोणाच्या घरी मृत्यू झाला, की समाचाराला जाताना आम्ही दोन वाक्ये बरोबर घेऊन जातो. एक, ‘प्रभूची इच्छा’. आणि दुसरे, ‘यातही त्याची काही योजना असेल.’ ही वाक्ये खोटी आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु ती फार लवकर बोलली जातात. कित्येकदा दारात चपला काढता काढताच बोलली जातात. ज्याचे माणूस गेले आहे तो ती ऐकतो, मान हलवतो, आणि आत कोठेतरी अधिकच एकटा पडतो. आपल्या दुःखाचा निकाल आपल्याला न विचारताच लागला, असे त्याला वाटते. हिंदू शेजाऱ्याच्या घरी याच जागी प्रारब्ध येऊन बसते. शब्द निराळे, घाई मात्र तीच.

दुःख का येते, या प्रश्नावर मोठमोठे ग्रंथ आहेत. ते पचवण्याइतके माझे शिक्षण नाही. मॅट्रिक झालो, मास्तरकी धरली, आणि सुट्ट्यांतून कादंबऱ्या लिहिल्या. माझा प्रश्न त्या ग्रंथांहून लहान आहे. काळोख पडलेला आहे. तो का पडला हे कळत नाही आणि केव्हा सरेल हेही दिसत नाही. अशा वेळी ‘मी देवावर आशा ठेवतो’ असे एखादा ख्रिस्ती माणूस म्हणतो, तेव्हा तो नेमके काय ठेवतो? चांगले काही घडेल अशी अपेक्षा? ती तर सोडतीचे तिकीट घेणाराही ठेवतो.

एप्रिल २०२१ मध्ये नागपूर कसे होते, हे येथल्या माणसाला सांगावे लागत नाही. रुग्णालयांत खाट मिळत नव्हती. खाट मिळाली तर प्राणवायू मिळेलच असे नव्हते. माझा धाकटा भाऊ त्या महिन्याच्या २१ तारखेस गेला. २३ तारखेस विशाखापट्टणहून प्राणवायूचे टँकर घेऊन रेल्वेगाडी नागपुरास आली, काही टँकर येथे उतरवून ती पुढे नाशिककडे गेली. त्या रविवारी प्रार्थनामंदिर बंद असल्यामुळे उपासना मोबाइलवर झाली, आणि पाळकांनी त्या गाडीबद्दल देवाचे उपकार मानले. त्यात गैर काहीच नव्हते. त्या प्राणवायूने कोणाकोणाचे बाप, कोणाकोणाच्या आया वाचल्या असतील. मी ‘आमेन’ म्हणालो. माझी भावजय म्हणाली नाही.

आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक सहकारी आहेत. देवाधर्माच्या भानगडीत ते पडत नाहीत, पण माणूस सरळ. ही हकीकत त्यांना सांगितली तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “सर, राग मानू नका. गाडी देवाने पाठवली असे धरायचे, तर दोन दिवसांचा उशीर कोणाच्या खात्यावर मांडायचा?”

राग मानण्यासारखे त्यात काही नव्हते. प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही भाविक माणसे देवाचा जमाखर्च मोठ्या सोयीने लिहितो. पोर परीक्षेत पास झाले, ताप उतरला, अपघातातून गाडी वाचली, की रक्कम देवाच्या नावे जमा. ताप उतरला नाही तर ती रक्कम भलत्याच पानावर जाते. कधी दैवाच्या, कधी डॉक्टरच्या, कधी आमच्याच पापाच्या. ईयोबाचे तीन मित्र असलीच वही घेऊन त्याच्याजवळ बसले होते. त्या पुस्तकाची मौज अशी, की शेवटी देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर तितका नव्हे, जितका देवाचा कैवार घेणाऱ्या त्या मित्रांवर. हे पुस्तक पवित्र शास्त्रात ठेवणाऱ्यांच्या धाडसाचे मला नेहमी नवल वाटते.

आमच्या नागपूरचेच उदाहरण घ्या. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ साली येथे आला. त्याने शाळा काढली. गोंडांच्या कथा आणि गीते टिपून घेतली. या भागातले दगड आणि जीवाश्म गोळा केले, ते असे की भूशास्त्रात त्याचे नाव राहिले. १८६३ च्या ४ सप्टेंबरला टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळे पाहून तो घोड्यावरून परतत होता. पावसाने ओढा फुगला होता. त्यात तो बुडाला. वय पंचेचाळीस. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले, आणि मृत्यूनंतर वीस वर्षांनी त्याच्या नावाचे कॉलेज नागपुरात उभे राहिले. लहानपणी आम्हाला हे असे सांगत, की जणू ओढ्याचे कोडे कॉलेजने सुटले. मला ते कधी पटले नाही. कॉलेज चांगले आहे. पण ते त्या रात्रीच्या ओढ्याचे उत्तर नव्हे. एका माणसाचा बुडून झालेला मृत्यू आणि एक इमारत यांची वजाबाकी होत नाही, आणि जो देव ती करतो असे आपण म्हणतो, तो देव मला ओळखीचा वाटत नाही.

मग उरते काय? येथे पंडिता रमाबाईंकडे वळावेसे वाटते, कारण ख्रिस्ती मराठी माणसांत काळोखाची इतकी वर्षे दुसऱ्या कोणी मोजली नसतील. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण ही तिघे दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने गेली. राहिला भाऊ, तो १८८० मध्ये गेला. लग्न झाले, पती बिपिन बिहारी मेधवी १८८२ मध्ये पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ साली इंग्लंडात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आता सगळे उजळले असेल असे वाचकाला वाटेल. आमच्या मंडळीतल्या साक्षींना तसाच शेवट करण्याची सवय आहे. पण रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे, की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे वाक्य लिहायला केवढे बळ लागले असेल! बाहेर एक समाज ‘ही बाटली’ म्हणून बोटे मोडत होता, आणि दुसरा ‘ही आमची झाली’ म्हणून मिरवत होता. आणि आत ही बाई रिकाम्या हातांनी बसली होती. त्याच आठ वर्षांत त्यांनी शारदासदन काढले. श्रद्धा भरून आल्यावर त्या कामाला लागल्या असे झाले नाही; काम चालू होते आणि श्रद्धा मागाहून आली.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या आमच्या मध्यप्रांतात आल्या आणि उपाशी मुली आणि विधवा गोळा करून घेऊन गेल्या. केडगावचे मुक्तिसदन त्या मुलींनी भरले. स्वतःच्या लहानपणच्या दुष्काळाला अर्थ यावा म्हणून त्या आल्या, असे मला वाटत नाही. त्या मुलींच्या पोटाशी त्यांची जुनी ओळख होती, म्हणून आल्या. आई का मेली याचे उत्तर मिळेपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर मध्यप्रांतातल्या त्या पोरी रस्त्याच्या कडेलाच राहिल्या असत्या.

येथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. एकाचा उजेड कधीकधी दुसऱ्याचा काळोख असतो. रेव्हरंड टिळक नागपुराहून राजनांदगावास निघाले असता गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. हे सर्व खरे आणि सुंदर आहे. पण त्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आले? नवरा जिवंत असून नाही, पदरात लहान मूल, आप्तांचे टोमणे. सुमारे पाच वर्षे त्या अशा राहिल्या. टिळकांना देव सापडला, त्याची किंमत काही अंशी बाईंनी भरली, आणि ती भरताना त्यांना कोणी विचारले नव्हते. टिळकांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. तरीही ही गोष्ट तशीच नोंदवली पाहिजे. पुढे त्या परत आल्या, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तोही नवऱ्याने घे म्हटले म्हणून नव्हे, तर आपल्या गतीने, सोवळेओवळे एकेक गळून पडत. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझ्यातल्या कादंबरीकाराला राहून राहून वाटते, की हे आपल्याला साधले नसते. ही बाई आपल्या सर्वांत वाईट दिवसांचीही थट्टा करते, पण ते दिवस वाईट नव्हते असे कोठे म्हणत नाही. आशेचे तोंड नेहमी लांबच असले पाहिजे, हा आपला एक गैरसमज आहे.

आमच्या मंडळीत एक म्हातारी मावशी आहे. जन्मभर परिचारिकेचे काम केले. किती मृत्यू पाहिले त्याची गणती नाही. भाऊ गेल्यानंतर चारएक महिन्यांनी ती भावजयीकडे आली. भावजयीने तोवर प्रार्थना करणे सोडले होते, आणि हे तिने घरात कोणाला सांगितले नव्हते. मावशीने कसे ओळखले कोण जाणे. तिने शास्त्र मागितले, चष्मा पुसला, आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रावर बोट ठेवून म्हणाली, “हे वाच. याच्या शेवटी चांगलं काही नाही लिहिलेलं.”

ते खरे आहे. स्तोत्रे दीडशे आहेत. त्यांत विलाप पुष्कळ. परंतु बहुतेक विलापांत शेवटाकडे वळण येते. रडणारा माणूस डोळे पुसतो आणि स्तुती करू लागतो. या स्तोत्रात ते वळण येत नाही. गाणारा रात्रंदिवस हाक मारतो; देवाने मित्र दूर केले म्हणतो, तोंड लपवलेस म्हणतो, आणि मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्दही काळोख हाच आहे. तेथेच ते संपते. कोणीतरी ते जपून ठेवले आणि उपासनेत गाण्याच्या पुस्तकात घातले.

भावजयीने ते वाचले. मावशी म्हणाली, “भांडून घे ना पोरी, पण बोलणं नको सोडू त्याच्यासंग.” आणि चहा घेऊन निघून गेली.

मी हे गणिताच्या मास्तरांना सांगितले. ते म्हणाले, “पण पलीकडे कोणी ऐकते आहे, हे कशावरून?” पुन्हा प्रश्न बरोबरच. सिद्धता माझ्याजवळ नाही. असती तर तिला आशा म्हणण्याचे कारणच नव्हते. एवढेच मला दिसते, की त्या स्तोत्राच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तो माणूस देवाविषयी बोलत नाही, देवाशी बोलतो. देवाविषयी बोलणारे ईयोबाचे मित्र होते. ज्याच्याकडून कसलीच अपेक्षा उरली नाही, त्याच्यावर माणूस रागावत नाही. त्याच्या दारावरून मुकाट्याने जातो. रागावून दार ठोठावणारा अजून ते घर ओसाड मानायला तयार झालेला नसतो. माझ्या समजुतीप्रमाणे काळोखातली आशा ती हीच, आणि पुष्कळदा इतकीच. सकाळ होईल हे ती सांगू शकत नाही. मास्तरांना हे पुरेसे वाटले नाही. त्यांनी तसे स्पष्ट सांगितले, आणि आम्ही तासाला गेलो.

ख्रिस्ती माणसाजवळ याहून अधिक एक गोष्ट आहे, आणि तीही पुरावा म्हणून नव्हे. आमच्या कथेत क्रूसावरचा येशू स्वतःच देवाला विचारतो, की मला का टाकलेस. ते शब्दही त्याचे नवे नव्हेत. बाविसाव्या स्तोत्रातले, लहानपणी पाठ झालेले असतील. त्या प्रश्नाला त्या दुपारी आकाशातून उत्तर आल्याचे चारांपैकी एकाही शुभवर्तमानात लिहिलेले नाही. तेव्हा ज्याला उत्तर मिळत नाही, तो देवापासून दूर फेकला गेला असे निदान आम्हाला म्हणता येत नाही. तो ज्या जागी उभा आहे, तेथे त्याच्या आधी कोण उभे होते हे आम्हाला ठाऊक आहे. माझ्यापुरता यानेच त्या जमाखर्चाच्या वहीचा निकाल लागला. गाडी आली, मी उपकार मानले; दोन दिवस उशीर झाला, मी जाब विचारला; आणि दोन्ही एकाच ठिकाणी पोचवले. त्यांची बेरीज करण्याचे काम माझे नाही.

रमाबाईंची एक गोष्ट राहिली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. सगळ्या जन्मात उरलेले एकच माणूस, तेही आईच्या आधी. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधल्या आठ-नऊ महिन्यांत त्या काय करीत होत्या? मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या आपल्या मराठी शास्त्राच्या भाषांतराचे अखेरचे काम. साध्या बायकांना कळावे म्हणून सोपे केलेले ते भाषांतर पूर्ण छापून निघाले ते १९२४ मध्ये, त्यांच्या पश्चात. त्यात अर्थातच अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही आहे.

यंदा उत्तम शुक्रवारी आमच्याकडे नेहमीप्रमाणे दुपारी तीन तासांची उपासना झाली. क्रूसावरील सात वचने सात जणांनी वाचावयाची असतात, आणि आठवडाभर आधी पाळक नावे विचारतात. चौथे वचन सहसा कोणी आपणहून मागत नाही. पहिले आणि सातवे लवकर जातात. भावजयीने चौथे मागून घेतले. तिने ते सावकाश वाचले आणि जागेवर येऊन बसली. त्यावरचे विवेचन दुसऱ्यानेच केले.