वसंताला हजर राहणं

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रिडलिंग्टन नावाचं एक गाव आहे. समोर थेट उत्तर समुद्र. उन्हाळ्यात तिथं पहाटे साडेचारच्या सुमाराला सूर्य वर येतो. 2009 साली या गावातल्या एका घरात सत्तरी ओलांडलेला एक चित्रकार अंथरुणात पडल्यापडल्या खिडकीतून तो सूर्योदय बघायचा आणि हातातल्या आयफोनवर बोटानं रंगवायचा. दिवा लावायला नको, रंग कालवायला नकोत, ब्रश धुवायला नकोत. पडद्याला स्वतःचाच उजेड. चित्र झालं की ते मित्रांना पाठवून द्यायचं. मित्र जागे व्हायच्या आत त्या दिवसाची पहाट त्यांच्यापाशी पोचलेली असे.

हे चित्रकार म्हणजे डेव्हिड हॉकनी. जन्म 1937 चा, यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डचा. 1964 साली ते कॅलिफोर्नियाला गेले आणि लॉस एंजेलिसचे पोहण्याचे तलाव, निळं पाणी, स्वच्छ सपाट ऊन रंगवून जगभर नावाजले. तिथं बाराही महिने ऊन असतं. ऋतू बदलतात, पण इतक्या हळू आवाजात की माणसाला कान देऊन ऐकावं लागतं. मुंबईकराला हे लगेच समजेल. पाऊस सोडला तर आपल्याकडे ऋतूच नाहीत असं आपणही म्हणत असतो. हॉकनी यांना त्या सलग उन्हातून बाहेर काढलं ते एका मित्राच्या आजारपणानं.

जोनाथन सिल्व्हर हा तो मित्र. सॉल्टेअर गावातली बंद पडलेली भलीमोठी गिरणी विकत घेऊन तिथं त्यानं हॉकनी यांच्या चित्रांचं दालन उभं केलं होतं. 1997 मध्ये कर्करोगानं त्याचे दिवस भरत आले होते. हॉकनी यांची आई आणि बहीण ब्रिडलिंग्टनला राहत. तिथून गाडी काढायची, यॉर्कशर वोल्ड्सच्या बुटक्या टेकड्या ओलांडायच्या आणि वेदरबीला मित्रापाशी जाऊन बसायचं, असा त्या उन्हाळ्यातला त्यांचा क्रम होता. जाता-येता शेतं दिसत. आधी हिरवी, मग पिवळी, मग कापणी झालेली. मित्र म्हणत होता, यॉर्कशर रंगव. त्यांनी रंगवायला घेतलं. सप्टेंबरमध्ये सिल्व्हर गेला.

त्या काळातली चित्रं बघताना मी थबकले होते. मरणाच्या दारातल्या मित्राकडे जाणारा रस्ता आहे तो, आणि रंग मात्र ओसंडून वाहताहेत. लाल वळणं, जांभळी शेतं, वर चढत जाणारी हिरवाई. दुःखाचा एक ठरावीक काळपट रंग असतो असं आपण गृहीत धरलेलं असतं. पण मित्रानं मागितलं होतं ते हेच, आपली भूमी तिच्या भर रंगात. ते देणं हा शोकाचाच एक प्रकार होता, आणि मला तो फार खरा वाटतो.

पुढे 1999 मध्ये आई गेली. आणखी काही वर्षांनी हॉकनी ब्रिडलिंग्टनलाच येऊन राहिले आणि रोज गाडीत कॅनव्हास टाकून वोल्डगेट नावाच्या एका आडरस्त्यावर जाऊ लागले. या रस्त्यावर प्रसिद्ध असं काही नाही. जुना रोमन मार्ग, दोन्हीकडे झाडं, काटेरी झुडपांची कुंपणं, मधूनच एखादं शेत. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. पण ऋतू बघायचे तर ठिकाण बदलून चालत नाही. नवी जागा बघताना माणूस जागेतच गुंततो. तेच झाड, तेच वळण, तोच चिखल पुन्हा पुन्हा बघितला, तर एक दिवस जागा मागं पडते आणि तिच्यावरून सरकणारा काळ दिसायला लागतो.

त्या परिसरात त्यांना भुरळ घातली ती निष्पर्ण झाडांनीही. हे मला महत्त्वाचं वाटतं. 2007 मधलं त्यांचं 'बिगर ट्रीज निअर वॉर्टर' हे चित्र 50 कॅनव्हास जोडून झालेलं आहे. सुमारे 12 मीटर रुंद, साडेचार मीटर उंच. पुढच्याच वर्षी त्यांनी ते लंडनच्या टेट संग्रहालयाला देऊन टाकलं. एवढ्या अवाढव्य चित्राचा विषय काय, तर थंडीच्या शेवटी उभी असलेली उघडी झाडं. फांद्या, त्यांच्या उपफांद्या, त्यांच्याही बारीक काटक्या, आकाशभर पसरलेल्या. पानं आली की हे सगळं झाकलं जाणार, म्हणून पालवी फुटायच्या आत ते संपवायचं होतं. आपण वसंताची वाट बघतो. इथं वसंत ही मुदत होती. ज्याला आपण झाडाचा उजाड, मेलेला काळ म्हणतो त्यातही या माणसाला इतकं बघण्यासारखं दिसत होतं की तो संपत आल्याची घाई झाली होती.

आणि झाडाच्या बाजूनंही ते खरंच आहे. थंड प्रदेशातली ही पानझडी झाडं पुढच्या वसंताच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच बांधून ठेवतात. पान गळतं तेव्हा त्याच्या बेचक्यात पुढची कळी खवल्यांमध्ये मिटून तयार असते. इतकंच नव्हे, तर सफरचंद, नासपती यांसारख्या झाडांना ठरावीक तास पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय कळ्या नीट उमलतच नाहीत. हिमाचलच्या बागायतदाराला हे चांगलं ठाऊक असतं. ज्या वर्षी हिवाळा उबदार गेला त्या वर्षी त्याच्या कपाळाला आठी पडते. थंडी हा वसंताच्या वाटेतला अडथळा नसतो. झाड ते तास मोजत असतं.

2011 मध्ये हॉकनी यांनी वोल्डगेटवरचं वसंताचं आगमन रंगवलं. जानेवारीपासून आयपॅडवर काढलेली 51 चित्रं आणि 32 कॅनव्हासचं एक मोठं तैलचित्र, असा तो पसारा होता. त्यांचा सगळा डोळा मेकडे लागलेला असे. त्या महिन्यात हॉथॉर्नची काटेरी कुंपणं पांढऱ्या फुलांनी अशी लदबदतात की खाली फांदी आहे हे विसरायला होतं. बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. तो आठवडा चुकला की वर्ष गेलं. त्यामुळे त्या दिवसांत पहाटेच बाहेर पडायचं आणि दुसरं कुठलंही काम ठेवायचं नाही, असा नेम. सत्तरीतला माणूस एका झुडपासाठी स्वतःचं वेळापत्रक बांधतो आहे, ही गोष्ट मला त्या चित्रांइतकीच आवडते.

हे सगळं सुखात चाललं होतं असं मात्र नाही. कान तर कित्येक वर्षांपासून जात चालले होते. 2012 मध्ये त्यांना मेंदूचा सौम्य झटका आला. हात शाबूत राहिला, पण बोलताना वाक्य पुरं करणं जड जाऊ लागलं. त्याच सुमाराला वोल्डगेटवरचा एक उंच बुंधा कुणीतरी कापून पाडला. वठलेलं झाड होतं ते, पण त्यांनी ते इतक्यांदा रंगवलं होतं की त्याला 'टोटेम' असं नाव मिळालं होतं. कापायच्या आधी कुणीतरी त्यावर रंगानं घाणेरडी चित्रंही काढून ठेवली होती. हॉकनी यांनी कोळसा उचलला आणि पडलेलं ते झाड रेखाटलं.

मग 2013 उजाडलं. त्या वर्षी इंग्लंडात मार्च असा गारठलेला होता की वसंत येतो की नाही असं वाटावं. हॉकनी यांनी वोल्डगेटवरच्या पाच जागा निवडल्या आणि प्रत्येक जागा वसंत पुढे सरकेल तशी पाच वेळा रेखाटली, फक्त कोळशानं. रंग अजिबात नाही. ज्या माणसाची सारी कीर्ती रंगावर उभी आहे त्यानं रंग बाजूला ठेवून 25 चित्रं केली. मार्चच्या मध्यावर त्यांच्या घरातल्याच एका तरुण सहायकाचा मृत्यू झाला. ते दुःख किती खोल होतं ते बाहेरच्यानं सांगू नये. चित्रमालिका मेअखेरपर्यंत चालू राहिली, एवढं दिसतं.

आयपॅडची त्यांची सगळीच चित्रं मला सारखी भावत नाहीत. काहींतला हिरवा जरा किंचाळतो, काहींत हात नुसताच सवयीनं चालल्यासारखा वाटतो. पण ही 25 कोळशाची चित्रं मी त्यांच्या उत्तम कामांत धरते. पहिल्या चित्रांत बर्फ आणि काटक्या. मग ओला रस्ता. मग सावल्या दाट होत जातात, कुंपणं भरतात, आणि शेवटी गच्च पानांतून गाळून आलेलं ऊन रस्त्यावर पडतं. सारं काळ्या भुकटीनं. उमेद म्हणजे दुःखावर चढवलेला गोड मुलामा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही मालिका बघावी. इथं गोड काही नाही. एक थकलेला माणूस ठरलेल्या पाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन उभा राहतो आणि समोर काय बदललं ते प्रामाणिकपणे नोंदवतो. बदल होतोच. त्याला तो घडवून आणावा लागत नाही; हजर मात्र राहावं लागतं.

दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'वर वाढलेल्या मराठी वाचकाला हे हजर राहणं नवं नाही. बारा महिन्यांच्या आपल्या या पुस्तकात निसर्ग रोजच्या बघण्यातला आहे, सहलीला जाऊन गाठायचा नाही. आणि आपला वसंत तर यॉर्कशरहून चमत्कारिक आहे. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडं पानं टाकून उघडी होतात आणि पालवीची वाट न बघता त्याच उघड्या फांद्यांवर लाल-केशरी पेटतात. तेही पाण्याचे दिवस संपत आलेले असताना, ऊन वाढत असताना. कुसुंबाची कोवळी पालवी तांबडी येते, लोकांना ती फुलंच वाटतात. हे सगळं आपल्या घाटात, माळावर, काही शहरांतल्या रस्त्यांकडेलासुद्धा घडत असतं, आणि आपण म्हणत असतो, उन्हाळा लागला बाई.

हॉकनी पुढे कॅलिफोर्नियाला परतले. पण ऋतूंची ओढ सुटली नाही. 2019 मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये नॉर्मंडीत एक जुनं घर घेतलं. भोवती नासपती, सफरचंद, चेरीची झाडं. वर्षभरात 2020 चा मार्च आला. जग दारं लावून बसलं. त्यांनी पिवळ्या डॅफोडिल्सचं एक चित्र काढून मित्रांना पाठवलं आणि सोबत सांगितलं की वसंत काही कुणाला रद्द करता येणार नाही. ते चित्र जगभर फिरलं. त्या महिन्यांत आपण आकडे मोजत होतो, भीती मोजत होतो. ते बागेत बसून एकेक झाड कुठवर आलं ते बघत होते. यात पळ काढणं होतं का? मला तसं वाटत नाही. बाहेर जायला मिळत नव्हतं ते त्यांनाही. त्यांनी फक्त आपल्या कुंपणाच्या आत काय चालू आहे ते गांभीर्यानं घेतलं.

त्या वसंतातली 116 चित्रं पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली. पण ते वसंतावर थांबले नव्हते. जवळच बाये गावात तेव्हा अकराव्या शतकातला, जवळजवळ 70 मीटर लांबीचा भरतकामाचा पट मांडलेला होता. त्याच्या बाजूनं चालत चालत गोष्ट बघायची असे. त्या धर्तीवर हॉकनी यांनी नॉर्मंडीतलं अख्खं वर्ष एका 90 मीटर लांब पट्ट्यात मांडलं. 2021 च्या शरदात तो पॅरिसच्या ऑरेंजरी संग्रहालयात लागला, मोनेच्या कमळांच्या दालनांशेजारी. तिथंही एका जागी उभं राहून सगळं दिसत नाही. पावलं टाकावी लागतात. 2020 च्या जुलैत त्यांना 83 वर्षं पुरी झाली, तेव्हा नासपतीची फुलं केव्हाच झडून गेली होती. झाडांवर फळं धरली होती आणि ती रंगवायची होती.