बरं आहे

रत्नागिरीचा मे महिना. पंख्याखाली बसूनही मी घामानं निथळत होतो, आणि पुतण्याच्या कॉम्प्युटरचा पडदा सांगत होता, प्रोसेसर २९ अंश! भिंतीवरचा तापमापक ३३ म्हणत होता. खोलीतल्याच वाऱ्यावर निवणारी वस्तू खोलीहून गार कशी?

"हा चक्क थापा मारतो," मी म्हणालो.

"नाही काका. प्रोसेसरमधला सेन्सर कमाल मर्यादा किती दूर आहे, एवढंच सांगतो. त्यावरून हा आकडा काढतात. गार असताना तो चुकतो, मर्यादेजवळ बराच बरोबर येतो. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपणहून मंदावतो."

"आणि पंख्याचे मिनिटाला १२०० फेरे?"

"ते खरे. फेऱ्यामागे दोन ठोके येतात, मदरबोर्ड ते मोजतो."

पेटी उघडली, तर जाळीवर लाल मातीचा गालिचा! पंखा इमानेइतबारे फिरत होता, वारा मात्र आत जात नव्हता. आता सांगा, खोटारडा कोण?

गावी आमची आई एकटी असते. "कशी आहेस?" म्हटलं की "बरी आहे." ताप असो, गुडघे धरलेले असोत, आकडा तोच. ही थापच, असं मी समजत असे. पण गेल्या श्रावणात ती म्हणाली, "सवड असली तर येऊन जा हो." मी मिळेल ती एस.टी. पकडली. मर्यादेजवळ ती खरं बोलते.

आणि मी? दर रविवारी न चुकता फोन करतो. ठोके अगदी बरोबर पडतात. वारा लागतो का, हे मात्र आईलाच विचारायला हवं. ती काय सांगणार, ते मला ठाऊक आहे.