खोली आणि आडनाव

विद्यापीठाच्या आसपास खोली शोधणाऱ्या मुलाला पुष्कळदा भाड्याआधी आडनाव विचारले जाते. घर माझे, कुणाला ठेवायचे ते मी ठरवणार, हे मालकाचे म्हणणे अगदीच उडवून लावण्याजोगे नाही. घरात म्हातारी माणसे असतात. परक्याची चौकशी हवीच. पण ती वर्तणुकीची. आडनावावरून वर्तणूक कशी कळणार? फार तर जात कळेल.

१९१७ साली परदेशात शिकून बडोद्याला नोकरीस आलेल्या आंबेडकरांना कुणी जागा देईना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, तर काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथूनही घालवले. त्याच बडोद्यात १९४९ साली विद्यापीठ झाले.

अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला राहण्यास अटकाव करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. हल्ली काठी कशाला लागते? 'खोली कालच गेली हो,' एवढे गोड बोलले की झाले. या वाक्याला कलम कोणते लावणार? मात्र खोटे बोलावे लागते, म्हणजे आपण करतो ते योग्य नाही हे मालकाला पक्के ठाऊक असते. अज्ञान म्हणून त्याला माफी देता येत नाही ती यामुळेच.

मुलगा पुढच्या गल्लीत जातो. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी आठवडाभर तशीच लोंबत असते.