कोयता सुटला, उचल सुटली काय?

यंदा दिवाळी झाली आणि आमचे मामा-मामी पनवेलला आले. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातले आमचे गाव अर्धे रिकामे होते. माणसे टोळ्या करून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात. मामांनी चाळीस वर्षांत एकही हंगाम चुकवला नव्हता. या वर्षी मुकादमाने निम्मेच कोयते नेले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. माणसाची मोजदादच तिथे हत्यारावर होते. कारखान्याच्या भागात यंत्रे आली, म्हणून मामांचा कोयता मागे राहिला. आता ते दोघे पहाटे इथल्या मजूर नाक्यावर उभे राहतात आणि मिळेल त्या बांधकामावर घमेली उचलतात.

एका संध्याकाळी मी त्यांना एस. टी. स्टँडजवळच्या रसवंतीत नेले. उसाच्या रसाचा पेला हातात धरून मामा म्हणाले, “आरं, कोयता सुटला म्हून हसू का रडू, तूच सांग. तू शिकलेला.”

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. शाळेत मुलांच्या शंभर प्रश्नांना उत्तरे देतो. पण या प्रश्नाला मला चटकन उत्तर सुचले नाही. तो प्रश्न मामांचा एकट्याचा नाही, म्हणून येथे मांडतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोयता सुटला म्हणून रडावे असे त्या कोयत्यात काही नाही. माझ्या आईने पंचवीस वर्षे ऊस तोडला. पहाटे तीनला उठून कोपीत भाकरी थापायच्या, उजाडण्याआधी फडात शिरायचे, नवरा तोडील तो ऊस साळून मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. ट्रक रात्री बाराला आला तर रात्री बाराला. आजारी पडून खाडा झाला तर पैसे कापले जात. मी आजीजवळ गावी राहिलो म्हणून शिकलो. माझ्या वयाची कितीतरी मुले वर्षाचे सहा महिने फडावर राहिली आणि शाळेच्या पटावरून पुसली गेली. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्यांतील 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. जे काम बाईच्या देहाला पाळीचे चार दिवस द्यायला तयार नाही, ते काम यंत्राने केले तर बिघडले कुठे?

शेतकऱ्याचीही बाजू आहे. तोड वेळेवर आली नाही तर त्याचा ऊस वाळतो, वजन घटते. टोळीला ‘खुशाली’ द्यावी लागते. मुकादम उचल घेऊन पसार झाला तर वाहतूकदार बुडतो. शिवाय आपली मुलेच आता कोयता धरायला तयार नाहीत, आणि ती तशी तयार नसावीत यासाठीच तर आपण त्यांना शाळेत घातले! तेव्हा यंत्र आले हे कोणा एकाच्या दुष्टपणाने आले असे म्हणता येत नाही.

परंतु यंत्र फुकट येत नाही. ऊसतोडणी यंत्राची किंमत कोटीच्या घरात आहे. 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने अशा 900 यंत्रांसाठी अनुदान जाहीर केले : किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. हा पैसा सर्वांचा, म्हणजे मामांनी काडेपेटीवर भरलेल्या कराचासुद्धा. यंत्राला रुंद सरी लागते, मोठे रान लागते. दहा-वीस गुंठेवाल्याच्या फडात ते वळतही नाही. ते उसाचे तुकडे करते, आणि ते तुकडे लवकर गाळले नाहीत तर साखर उतरते. पाचट सोबत जाते म्हणून कारखाना वजनात कपात करतो. जड चाकांखाली जमीन दबते, खोडव्याचे बुडखे दुखावतात. उरलेले पाचट रानात पसरून खत होते, हा त्यातला लाभ. पण तोडणाऱ्याच्या बैलांना आणि शेरडांना मिळणारे वाढे मात्र जाते.

हे सर्व खर्च कुणीतरी वहीत लिहितो. डिझेल, चालकाचा पगार, बँकेचा हप्ता, वजनातील कपात यांचा हिशोब ठेवला जातो. एक खर्च मात्र कोणत्याच वहीत नाही. एक जोडपे दिवसभरात दोन टनांच्या आसपास ऊस तोडते. यंत्र शंभर टनांच्या वर तोडते. म्हणजे एका यंत्राने पन्नास कोयते, शंभर माणसे रिकामी होतात. ती कुठे गेली, याचा रकाना नाही.

आणि मामांच्या बाबतीत तर रिकामे होणेही पुरते झाले नाही. गेल्या हंगामात शेवटचे फड यंत्राने नेले, त्यामुळे मामांची उचल फिटली नाही. ती बाकी त्यांच्या अंगावर आहे. मुकादमाचा दर आठवड्याला फोन येतो. काम यंत्राने नेले, कर्ज मात्र माणसाकडे ठेवले! हा कोणता न्याय?

असे घडलेले हे पहिले उदाहरण नव्हे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर 1944 साली कापूस वेचणारी यंत्रे लोकांसमोर चालवून दाखवण्यात आली. एकेक यंत्र पन्नासएक माणसांचे काम करी. तेथे कापूस वेचणारे बहुतेक काळे लोक होते, गुलामांचे वंशज, मळेवाल्याच्या उधारीत वर्षानुवर्षे अडकलेले. पुढच्या पंचवीस वर्षांत लाखो माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांत गेली. केवळ यंत्रामुळे गेली असे नाही. वर्णद्वेषाचा जाच आधीपासून होताच. कित्येकांना शहरात कारखान्याचा पगार, मताचा हक्क आणि मुलांना शाळा मिळाली. कित्येक गलिच्छ वस्त्यांत कोंडले गेले. ज्या कापसाने त्यांच्या पिढ्या वाकवल्या, त्यातून सुटताना त्यांना वाटा म्हणून काही मिळाले नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार आपल्या आधी केला आहे. ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या 1945 सालच्या ग्रंथात त्यांनी यंत्राला पाप मानणाऱ्या विचाराचा समाचार घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसाला जनावराच्या कष्टातून सोडवून विचाराला, विद्येला सवड देते ते यंत्र, त्याच्यापासून जो त्रास होतो तो यंत्राचा दोष नसून, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती जाऊ देणाऱ्या समाजरचनेचा दोष आहे. म्हणून यंत्र फेकू नका, रचना बदला. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून, जातिभेद न पाहता गावकऱ्यांनी ती सामुदायिक पद्धतीने कसावी अशी योजना मांडली. भूमिहीन मजूर हा वर्गच त्यात उरणार नव्हता. तशा शेतीत यंत्र आले असते तर मामांना सुटी मिळाली असती. आजच्या शेतीत यंत्र आले तर मामांना नाका मिळाला. यंत्र एकच, फरक आहे तो रचनेचा.

भगवान बुद्धांनी सिगालाला केलेल्या उपदेशात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, चांगल्या पदार्थात वाटा द्यावा, वेळेवर सुटी द्यावी. आता यंत्राकडे पाहा. त्याला झेपेल एवढेच काम दिले जाते, डिझेल वेळेवर मिळते, बिघडले की शहरातून मेकॅनिक येतो, हंगाम संपला की छपराखाली विसावते. जे माझ्या आईला पंचवीस वर्षांत मिळाले नाही ते यंत्राला पहिल्या दिवसापासून मिळाले. कारण यंत्र मोडले तर मालकाचे पैसे बुडतात. माणूस मोडला तर माणसाचेच बुडतात.

सम्यक् आजीविका म्हणजे दारू-हत्यारे विकू नयेत एवढाच अर्थ आपण घेतो. परंतु दुसऱ्याच्या पोटावर पाय न देता मिळवलेले अन्न, हाही तिचा अर्थ आहे. ज्याला यंत्राचा लाभ झाला त्याने ज्याचे काम गेले त्याच्याकडे पाहिलेच पाहिजे, मग तो कारखाना असो, बागायतदार असो, की स्वस्त साखर घालून चहा पिणारे तुम्ही-आम्ही असोत.

म्हणून मागणी नेमकी हवी. यंत्राने काम नेले त्या हंगामाची बाकी कोयत्याच्या माथी मारू नये. कर्जापोटी माणसाला कामाला बांधणे 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, हे आपल्या लोकांना वाचून दाखवले पाहिजे. यंत्राला सरकारी अनुदान आहे, तर त्या यंत्राचा चालक आणि मेकॅनिक होण्याचे शिक्षण तोडणाऱ्यांच्या मुला-मुलींना पहिल्यांदा मिळावे, आणि मजुरांच्या गटाला यंत्राची मालकी मागता यावी. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. त्यात नोंद करून ओळखपत्र घ्यावे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली ती संघटनांनी संप आणि वाटाघाटी केल्या म्हणून झाली, कोणाच्या दयेने नव्हे.

मी मामांना सांगितले, “मामा, कोयत्यासाठी रडू नका. पण उचलीसाठी गप्पही बसू नका.”

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मुकादमाची चिठ्ठी हाय माझ्याजवळ. वाचून दाखवशील का?”

त्या रात्री आम्ही ती चिठ्ठी वाचली. आकडे जुळत नव्हते. वाचकहो, तुमच्या नात्यात कोणी फडावर असेल, कोणी तिथून परतला असेल, तर त्याची चिठ्ठी मागून घ्या आणि त्याच्याशेजारी बसून वाचा. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले ते यासाठीही आहे.