वेतन आणि जोखीम

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे हुपरीच्या आसपासच्या रस्त्यांवरून उसानें लादलेल्या गाड्या व ट्रॅक्टर अहोरात्र कारखान्याकडे जातांना दिसतात. त्यांतील एखादा उलटला आणि चालक जन्माचा पंगु झाला, तर त्याच्या संसाराचा भार कोणीं वाहावा? "त्याचें नशीब" किंवा "त्याचाच हलगर्जीपणा" यांपलीकडे आपलें उत्तर सहसा जात नाहीं.

याहून सभ्य दिसणारें एक उत्तर मात्र आहे. अमेरिकेंत बोस्टन-वूस्टर रेल्वेवरील एका एंजिन ड्रायव्हरचा हात सांधेवाल्याच्या हयगयीमुळें चिरडला गेला. 1842 सालीं मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनीं कंपनीस जबाबदारींतून मुक्त केलें. धोक्याच्या कामास वेतन अधिक असतें. तें घेणाऱ्यानें सोबत्याच्या चुकीची जोखीमहि पत्करलेली असते, असें त्यांचें म्हणणें.

युक्तिवाद सुबक खरा, पण फसवा. लांबवरचा सांधेवाला कसा आहे हें ड्रायव्हरनें कसें पारखावें? त्याला नेमलें कंपनीनें. दूर करण्याचा अधिकारहि तिचाच. शिवाय वाढीव वेतन घरखर्चांत जिरून जातें, आणि हात कांहीं हप्त्याहप्त्यानें जात नाहीं. हजारों फेऱ्यांत कांहीं अपघात व्हावयाचेच, हें मालकास कोळशाच्या खर्चाइतकें निश्चित ठाऊक असतें. ज्या एका माणसावर तो ओढवतो त्याचें मात्र सर्वस्व जातें. कोळशाचा खर्च भाड्यांत धरावयाचा आणि हातापायांचा तेवढा मजुरानें सोसावयाचा, हा हिशेब कोणत्या न्यायाचा?

हिंदुस्थानांत 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानें हा हिशेब पुष्कळसा बदलला. मालकाचा दोष सिद्ध करण्याची अट गेली. इजा कामामुळें व काम चालू असतांना झाली एवढें सामान्यतः पुरे झालें. सोबत्याच्या चुकीची सबब 1938 च्या कायद्यानें मोडीत काढली.

मग वाद उरला तो काम संपतें कोठें याचा. 1957 च्या जुलैंत मुंबईच्या बेस्टचा एक बसचालक काम आटोपून जोगेश्वरी आगारांतून बेस्टच्याच दुसऱ्या बसनें घरीं निघाला. वाटेंत ती बस उभ्या लॉरीवर आदळली, आणि त्या दुखापतीनें तो कांहीं दिवसांत वारला. 1963 सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें त्याच्या विधवेच्या बाजूनें निकाल दिला. चालकांना बसमधून फुकट नेणें ही नुसती मेहेरबानी नव्हे. एवढ्या विस्तीर्ण शहरांत ते वेळेवर पोचावेत यांत सेवेचाच लाभ होता. हा नियम ताणला तर मालकाची जबाबदारी मजुराच्या उंबरठ्यापर्यंत जाईल, ही भीति अगदींच पोकळ नाहीं. परंतु लाभ जेथवर पोचतो तेथवरच भार न्यावयाचा, एवढी मर्यादा पाळली तर तींत अन्याय तो कोणता?

उसाच्या रस्त्यावर मात्र ही मर्यादा कायद्यानेंच अलीकडे ओढलेली दिसते. कारखाना, ठेकेदार, वाहनाचा धनी, चालक अशी येथें उतरंड असते. ठेकेदाराच्या मजुराबद्दल मुख्य मालकासहि 1923 च्या कायद्यानें जबाबदार धरलें होतें. परंतु अपघात मालकाच्या कामाच्या किंवा ताब्यांतील जागेबाहेर झाला तर ती तरतूद लागू पडत नसे. म्हणजे गाडी फाटकाच्या आंत उलटली तर एक न्याय, अर्ध्या मैलावर उलटली तर दुसरा. ऊस तोच, फेरीहि तीच. रस्त्यावर मग उरे एकटा ठेकेदार, आणि तो पुष्कळदां स्वतःच उचलीच्या कर्जांत असे.