दहा मिनिटं

दक्षिण महासागरात, पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास, एक हिशोब सगळ्यांना तोंडपाठ असतो. चार तास डेकवर, चार तास खाली. खालच्या चार तासांतून ओले कपडे उतरवणं, गरम काहीतरी पोटात ढकलणं आणि पुन्हा सगळे थर चढवणं वजा केलं, की झोप उरते जेमतेम अडीच तास. बंकही आपला नसतो, दोघांत एक. तुम्ही उठता आणि दुसरा तुमच्या उबेत शिरतो.

मी शर्यतीच्या एका टप्प्यावर पैसे भरून गेलेली हौशी खलाशी. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री हातमोजा सापडेना, म्हणून वर जायला दहा मिनिटं उशीर झाला. ती दहा मिनिटं माझा बंक-भागीदार सुकाणू धरून उभा होता. गारा अंगावर घेत. तो सगळ्यांसमोर खेकसला. मीही त्याला लागेल असं बोलले.

मग चार दिवस अबोला. पाळी बदलताना वारा, दिशा, शीड एवढंच, तेही एकेका शब्दात. चौथ्या रात्री बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, धरून ठेवणारा दोर तुटला आणि बूम आमच्या डोक्यांवरून सपकन पलीकडे गेली. कुणाला लागलं नाही. दोर झिजलाय हे त्याला दिसलं होतं. त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं.

‘संकटात खरा माणूस कळतो’ असं आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही. उपाशी, ओला, झोप न झालेला माणूसच खरा आणि जेवून उठलेला खोटा, हे कुणी ठरवलं? दोन्ही तोच.

मग दोष थंडीचा? इथे मी स्वतःलाच पकडलं. माझा उशीर, माझं लागट बोलणं थंडीमुळे. त्याचं खेकसणं मात्र त्याच्या स्वभावामुळे, असा माझा निवाडा होता. थंडी तर दोघांना सारखीच होती. ती मला सूट देत असेल, तर त्यालाही द्यायला हवी.

१९६८-६९च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण एकेकटे निघाले. पूर्ण केली फक्त रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, ३१२ दिवसांत. थंडी त्यांनाही वाजली असणारच, पण उशीर केला तर वाट बघणारं कुणी नव्हतं. २०१७मध्ये गोव्याहून ‘तारिणी’ निघाली तेव्हा साधारण सतरा मीटरच्या बोटीत सहा जणी होत्या, आठ महिन्यांहून जास्त काळ. एकट्यापुढे थंडी सोसण्याचा प्रश्न असतो. दुसरं माणूस आलं, की आपली थंडी त्याच्यावर किती काढायची हाही प्रश्न येतो.

दोर तुटल्यावर आम्ही दोघांनी एकच गोष्ट ठरवली. पाळी देताना सगळं मोठ्यानं, पूर्ण वाक्यात सांगायचं. माफी कुणीच मागितली नाही, मैत्रीही झाली नाही. मला आधी वाटायचं, मन साफ झाल्याशिवाय वागणं नीट होत नाही. आता वाटतं, मनाची वाट बघत बसायला वेळ नसतो. राग असेल तर असू दे. दोर झिजलाय, हे सांगायचंच. आणि वर वेळेवर जायचं.