हलकेपणा कोणाची जबाबदारी?

‘दोन जीबी रॅम? भंगारात घाला.’ दुरुस्तीच्या दुकानातलं हे वाक्य मनात सलत राहिलं. घरातला तो लॅपटॉप सुरू होत होता, त्याचा स्क्रीन शाबूत होता, कीबोर्डही नीट चालत होता. मग त्याचं आयुष्य संपल्याचं ठरवलं कोणी? विंडोज 10चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबला आणि विंडोज 11ला किमान चार जीबी रॅम अन् टीपीएम 2.0 ही सुरक्षेची हार्डवेअर सोय लागते. म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही, अटी बदलल्या आहेत.

अशा यंत्रासाठी पर्याय असलेलं लिनक्स मुक्त आणि फुकट आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. मला मोलाचा वाटतो तो हलकं आणि अपुरं यांतला फरक. अपुऱ्यात हवं ते नसतं. हलक्यात नको ते नसतं. डेबियनवर आधारलेलं अँटिएक्स हे हलकं लिनक्स मी त्याच लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं, हार्डडिस्कला हातही न लावता. भरगच्च डेस्कटॉपऐवजी त्यात आइसडब्ल्यूएम हा साधा विंडो मॅनेजर आहे. मराठी पत्र लिहिणं, पीडीएफ वाचणं, गाणी ऐकणं, सगळं सुरळीत झालं.

भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचं म्हणणं, ‘मावशी, रॅम स्वस्त असते, प्रोग्रामरचा वेळ महाग.’ त्यात तथ्य आहे. पण स्वस्त कोणाला? प्रोग्रामरचा वेळ एकदाच वाचतो. त्याची किंमत मात्र वापरणारा प्रत्येक जण मोजतो. पास्कल भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी 1995मध्येच सडपातळ सॉफ्टवेअरची बाजू मांडली होती. यंत्रं जितक्या वेगाने जलद होतात, त्याहून वेगाने सॉफ्टवेअर जड होतं, ही त्यांची तक्रार होती.

या परंपरेतली माणसं मला फार आवडतात. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी 2003मध्ये पपी लिनक्स आणलं. ते अख्खं रॅममध्ये बसून चालतं. डॅम स्मॉल लिनक्सने तर स्वतःवर 50 एमबीची मर्यादा घालून घेतली होती. पण 2024मध्ये ते परतलं तेव्हा ती मर्यादा सीडीएवढी, 700 एमबी झाली होती. हट्टाने लहान राहिलेल्यांनाही वाढावं लागलं, ते का?

उत्तर ब्राउझर उघडताच मिळतं. एका अर्जाचं पान, एक बँकेचं, एक व्हिडिओ, आणि रॅम भरते. रॅमचं ओझं डिस्कवर टाकणारा स्वॅप सुरू होऊन माउस अडखळतो. इथे अँटिएक्सचा इलाज संपतो. योग्य प्रणाली निवडली की घरातलं यंत्र वाचतं, असं मी मानत होते. आता तसं म्हणवत नाही. घरात कमावलेला हलकेपणा बाहेरून येणारं एक जड पान खाऊन टाकतं. म्हणून हलकेपणाला वैयक्तिक काटकसर समजून भागणार नाही. तो सार्वजनिक सेवेचा निकष व्हायला हवा. शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा सातबारा ज्या पानावर मिळतो, ते पान लोकांपुढे ठेवण्याआधी दोन जीबीच्या यंत्रावर उघडून पाहणं बंधनकारक असावं.